काचेचं मी बघते

माझी गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे आणि तिच्यात एसी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लखनऊत मे महिन्यात मी ती बाहेर काढली की पहिल्याच सिग्नलला शेजारची काच खाली होते आणि आतून कुणीतरी विचारतं, "आंटी, एसी नहीं है?" नाही रे बाबा, नाही. तुझी काच आधी वर कर, तुझा गारवा चालला बाहेर.

एसी नव्हता तेव्हाही माणसं उन्हाळ्यात गाड्या चालवतच होती, आणि उकडून मरत नव्हती. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी हवेची सगळी सोय करून ठेवलेली आहे. समोरची काच खालच्या कडेनं बाहेर उचलता येते. बॉनेट आणि काच यांच्या मधोमध एक झडप आहे, तिची दांडी डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला. दांडी ओढली की झडप उघडते आणि धावत्या गाडीत पायांवर वारा येतो. दारांना पुढच्या कोपऱ्यात तिकोनी काचा आहेत, त्या पार उलट्या फिरवल्या की वारा थेट छातीवर. बाकीचं आमचं आम्ही केलं. टपाला पांढरा रंग, पायांखालच्या सतरंजीखाली गोणपाटाचे दोन थर, पुढच्या बंपरला पाण्याची कॅनव्हासची छागल, आणि मागच्या डाव्या खिडकीला वाळ्याचा पडदा.

वाळ्याचा पडदा हे माझं डोकं. मी नागपूरची. आमच्याकडे उन्हाळा लागला की दारंखिडक्यांना वाळ्याचे ताटे लागायचे आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. लग्न होऊन लखनऊला आले, ह्यांच्या बँकेच्या बदलीमुळे. दोन वर्षांसाठी म्हणून आलो ते आयुष्यच गेलं इथं. मला एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, मुलगा इथंच जन्मला, आणि ह्यांनी इथल्या लष्करी छावणीतल्या एका निवृत्त साहेबाच्या गॅरेजमधून ही काळी गाडी उचलून आणली. तेव्हा तिच्यात उंदरांचं बिऱ्हाड होतं.

गाडीत आमची कामं वाटलेली होती. इंजिन, गिअर, रस्ता सगळं ह्यांचं. हवा माझी. मी डावीकडच्या सीटवर बसायची, मांडीवर झाडांवर पाणी फवारायचा पितळी पंप. गाडी सुटली की झडप उघडायची. गाडी थांबली की लगेच बंद करायची, नाहीतर इंजिनाची सगळी धग पायांवर. ऊन कुठल्या बाजूला आहे बघून तिकोनी काच फिरवायची. पडदा सुकत आला की मागे वळून पाणी मारायचं, आणि उजवीकडची मागची काच चार बोटं उघडी आहे ना ते बघायचं, कारण हवेला आत यायला वाट दिली तशी बाहेर जायलाही द्यावी लागते. ह्यांचं लक्ष जरा माझ्या हातांकडे गेलं की मी डाफरायची, "काचेचं मी बघते, तुम्ही समोर बघा!" मुलगा मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकायचा. त्याला वाटायचं आईबाबा भांडतायत. भांडायचोही, पण ते वेगळं.

मला मात्र ह्यांनी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "नाजूक आहे गं ती," म्हणायचे. मी नाजूक नव्हते बहुतेक! स्वयंपाक, नोकरी, पोराच्या परीक्षा, सगळं मला जमत होतं, फक्त तो क्लच जमणार नव्हता. हे गेले त्यानंतर तीन महिन्यांनी मी सरळ गाडीच्या मिस्त्रीला बोलावलं आणि म्हटलं, शिकव. तो कानाला हात लावून म्हणाला, "भाभीजी, इस उमर में?" म्हटलं, उमर माझी, गाडी माझी, तू फक्त क्लच दाखव.

शिकले. छावणीच्या मोकळ्या रस्त्यांवर आधी पहाटेची, मग भरदिवसाची. त्यानंतर मी कुणाला "मला तिकडे सोडतोस का रे" असं विचारलेलं नाही. चौक नावाच्या जुन्या बाजारात चिकनकामाची साडी बघायला जायचं असो की संस्थेतल्या जुन्या मैत्रिणींकडे, पदर खोचायचा आणि निघायचं. हे सुख काय असतं ते ज्यांना आयुष्यभर कुणीतरी नेलं-आणलं त्यांनाच कळेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात मला गाडीत भोवळ आली. मोठं काही नाही, रस्त्याच्या कडेला थांबले, छागलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, झालं. पण नेमकं तेव्हाच मुलाच्या ऑफिसमधला कुणीतरी तिथून गेला आणि संध्याकाळी मुलगा दारात हजर. इथल्याच एका कंपनीत आहे तो. मराठी सगळी कळते, बोलतो अर्धी हिंदी.

"आई, ये सब बंद कर यार. कुछ हो गया तो?"

"काही झालं नाही."

"झालं असतं तर?"

त्यानं आधी एसी बसवायचं काढलं. मिस्त्रीनं पाहून सांगितलं की त्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागेल आणि झडपही बुजवावी लागेल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, आधी मला काप! मग तो विषय मिटला आणि ह्या वर्षी मार्चमध्ये त्यानं नवीन काढलं. हजरतगंजात एक नवं रेस्टॉरंट झालंय, त्याच्या मालकाला दाराशी ठेवायला जुनी गाडी हवी होती. मुलगा त्याला घेऊन घरीच आला. गोरागोमटा, गॉगल डोक्यावर चढवलेला माणूस. बॉनेट असं थोपटत होता, म्हशीची पाठ थोपटावी तसं.

"आंटी, इज़्ज़त से रहेगी यहाँ। सीटों पे फूल लगा देंगे। लोग फोटो खिंचवाएँगे।"

फुलं! ज्या सीटवर बसून मी इतकी वर्षं हवा सांभाळली, त्या सीटवर हा प्लास्टिकचे गुलाब ठेवणार. इंजिनाचं काय करणार विचारलं तर म्हणाला, "वो तो निकलवा देंगे, वज़न कम हो जाएगा।" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. लखनऊत राहून असं वागणं म्हणजे फार झालं, पण वागले.

तो गेल्यावर मुलगा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "आई, मेरी गाडी है, ड्रायव्हर है. जहाँ बोलशील तिथं नेईल. एसीमध्ये." त्याचं चुकत नव्हतं. मला भोवळ आली होती आणि बाप गेल्यावर त्याला मी एकटीच आहे. पण "नेईल" हा एकच शब्द माझ्या कानात राहिला. गाडी गेली की मी ह्या घरात बसणार, आणि कुणाला वेळ असेल तेव्हा, कुणाला सोयीचं असेल तिथं, मला नेलं जाणार. गाडी अजून ह्यांच्याच नावावर आणि वारस आम्ही मायलेक, म्हणजे त्याच्या सहीशिवाय मलाही काही करता येत नव्हतं आणि माझ्या सहीशिवाय त्यालाही.

म्हटलं, "ठीक आहे. पैज लाव."

"कसली?"

"मे महिन्यात, भर दुपारी, घरापासून चौकापर्यंत आणि परत. तू डावीकडे बसायचं. जो आधी गाडीतून उतरेल तो हरला. मी उतरले तर घेऊन जा त्या गुलाबवाल्याकडे. तू उतरलास तर पुन्हा ह्या गाडीबद्दल तोंड उघडायचं नाही."

तो हसला. "आई, मी एसीवाला आदमी. मैं तो दस मिनट में उतर जाऊँगा."

"मग बरंच आहे की!"

पण त्याचा चेहरा बघून कळलं की तो दहा मिनिटांत उतरणार नव्हता. हट्टीपणा त्यानं कुठून घेतलाय ते मला विचारू नका.

तयारीला मी चौकात जाऊन नवा वाळा आणला. तिथला खसवाला, वाळा विकणारा, म्हातारा आहे, वर्षानुवर्षांची ओळख. पडदा बांधून देताना म्हणाला, "बहनजी, जिस दिन निकलिएगा, हवा किधर की है देख लीजिएगा।" मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, नागपूरच्या बाईला हा उन्हाळा शिकवतोय! ही माझी घोडचूक. विदर्भातल्या माणसाला वाटतं उन्हाळा म्हणजे कोरडाच. तापलं की पाणी मार, अजून तापलं की अजून मार. इथं पश्चिमेची लू वाहत असते तोवर हे अगदी बरोबर आहे. पण पूर्वेकडून पुरवैया सुटली की हवा आधीच ओलीचिंब असते, त्या हवेत वाळा कितीही भिजवा, गारवा येत नाही. इतकी वर्षं इथं काढून हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि तरी रविवार ठरला होता म्हणून रविवारीच जायचं होतं.

रविवारी सकाळी अंगणातले कपडे वाळेनात. तेव्हाच समजायला हवं होतं. त्याऐवजी मी पडद्यावर दोन बादल्या पाणी ओतलं.

बारा वाजता निघालो. मुलगा टी-शर्टात, हातात फोन. मी सुती साडी, गळ्यात ओला पंचा. छावणीतल्या झाडांखालून जाईपर्यंत बरं होतं. पहिल्या मोठ्या सिग्नलला थांबलो आणि आत जे काही झालं त्याला उकाडा म्हणणं म्हणजे कमीच. मोदकपात्रात बसल्यासारखं वाटलं. पडद्यातून वाफ यायची तेवढी बाकी होती. घाम वाळतच नव्हता, डोळ्यांत उतरत होता, हात स्टिअरिंगवरून घसरत होते.

"पाणी मार," मी म्हटलं.

"किसपे?"

"पडद्यावर! अरे, पंप आहे ना पायाशी!"

त्यानं मारलं. आणखी वाईट झालं. मी म्हटलं, अजून मार. त्यानं अजून मारलं. इतक्या पिढ्यांचा नागपूरचा उन्हाळा माझ्या तोंडून बोलत होता आणि मी ऐकायला तयार नव्हते. शेवटी त्यानंच पंप खाली ठेवला.

"आई, ये काम नहीं कर रहा."

"तुझ्यामुळे! नीट मारता येत नाही तुला."

"आई. हवा गीली है."

शेंबड्या पोराला कळलं ते मला कळलं नव्हतं, म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. दुसरीही गोष्ट तेव्हाच लक्षात आली, आणि ती जास्त झोंबली. ह्या गाडीला दोन माणसं लागतात. एकानं चालवायची आणि एकानं हवा बघायची. गेली काही वर्षं मी एकटी दोन्ही करत होते, म्हणूनच मला भोवळ आली. ह्यांच्यावर मी डाफरत होते खरी, पण त्यांना भोवळ कधी आली नाही, कारण डावीकडे मी होते.

हे मी पोराला सांगितलं नाही. म्हटलं, "पडदा काढ आणि मागे टाक. समोरच्या काचेचे दोन पेच सैल कर आणि बाहेर ढकल."

"बाबा तो कभी नहीं खोलते थे."

"बाबांना किडे आवडत नव्हते. आज किडे आले तर येऊ देत!"

त्यानं काच उचलली. झडपेची दांडी ओढ म्हटलं, ओढली. तिकोनी काच उलटी फिरव म्हटलं, फिरवली. आणि गाडीनं वेग घेतला तसा समोरून सपकन वारा आत आला. गार नव्हता, पण वारा होता, आणि घाम सुकायला लागला. मुलानं फोन खिशात ठेवला. हजरतगंज मागे टाकून आम्ही चौकापर्यंत गेलो. तिथं गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवताना खसवाल्यानं दुकानातून पाहिलं, मागच्या सीटवर फेकलेला पडदा पाहिला, आणि नुसता आदाब करून कामाला लागला. ह्याला म्हणतात लखनवी माणूस. माझा पार पाणउतारा झाला आणि एक शब्दही न बोलता झाला.

परतताना हजरतगंजात अडकलो. कसली तरी मिरवणूक होती की कुणा साहेबाची गाडी जायची होती, कोण जाणे. पुढे ई-रिक्षा, मागे बस, दोन्ही बाजूंना मोटारी, सगळ्यांच्या काचा वर आणि सगळ्यांचे एसी आपली गरम हवा आमच्या अंगावर ओतणारे. वारा बंद. आमची समोरची काच उघडी असून नसल्यासारखी. आणि नशीब बघा, डाव्या हाताला तेच रेस्टॉरंट. तो गुलाबवाला दारातच उभा होता. त्यानं आम्हाला ओळखलं, हात केला, आणि काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. आत या, आंटी, गार आहे.

माझे पाय भाजत होते. थांबलेल्या गाडीत झडप उघडी राहिली होती, इंजिनाची धग सगळी खाली उतरत होती, आणि दांडी डावीकडे. मला पोहोचेना. सांगायलाही सुचेना, कारण तोवर कानांत घूं घूं सुरू झालं होतं. गेल्या वर्षीचीच ती भोवळ, मी ओळखली तिला. पुढची रिक्षा मला दोन-दोन दिसायला लागली.

आता खरं सांगते, इथं तरी खोटं कशाला बोलू. माझा उजवा हात दाराच्या हँडलवर गेला. हँडल तापलेलं होतं, तरी मी ते धरलं. मनात म्हटलं, जाऊ दे, ठेवू देत फुलं. इंजिन काढू देत. मी थकले. रडू आलं मला, पण घामात कुणाला कळणार होतं. हँडल खाली दाबलंसुद्धा, अर्धं.

तेवढ्यात डावीकडचं दार धाडकन उघडलं.

मुलगा उतरला होता. भर रस्त्यात, दोन गाड्यांच्या मधे उभा राहून त्या गुलाबवाल्याला अख्ख्या हजरतगंजाला ऐकू जाईल असं ओरडून सांगत होता, "भाई साहब! मैं उतर गया! हार गया मैं! गाड़ी नहीं मिलेगी, समझे? और बरफ़ दीजिए, जल्दी!"

तो माणूस बघतच राहिला. मग आत पळाला आणि स्वतःच्या हातानं बर्फाची पिशवी घेऊन आला. हेही लखनऊच. मुलानं माझा पंचा ओढून घेतला, त्यात बर्फ गुंडाळला आणि खिडकीतून हात घालून माझ्या मानेवर दाबून धरला. छागल सोडून आणली, माझ्या तोंडाला लावली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. मागचे हॉर्न वाजवत होते, त्यांना त्यानं ज्या हिंदीत उत्तर दिलं ती मी त्याला शिकवलेली नाही.

घूं घूं कमी झालं. रिक्षा पुन्हा एक झाली.

"उतरलास," मी म्हटलं. "हरलास तू."

"हाँ आई. हरलो."

"पुन्हा तोंड उघडायचं नाही."

"नहीं खोलूँगा."

तो वळसा घालून डावीकडे येऊन बसला आणि दार लावून घेतलं. मी दांडीबद्दल सांगणार, तोवर त्यानं वाकून झडप बंद केली. मी न सांगता. पायांवरची धग थांबली. मग मागे वळून उजवीकडची काच चार बोटं खाली केली, पंप मांडीवर घेतला, पुढची मोटार हलतेय का पाहिलं, आणि ती हलताच दांडीवर हात ठेवून बसला, गाडी सुटायची वाट बघत.

मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. हे त्याला कुणी शिकवलं? मागच्या सीटवर बसून हा भांडणंच ऐकत होता असं मला वाटत होतं.

तो मान न वळवता माझ्यावर डाफरला.

"शीशा मैं देखता हूँ, आई. तू सामने देख."

माझा एक हात अजून हँडलवरच होता. तो मी काढला आणि गिअर टाकला.